बद्द घंटा

पडद्याआड प्रत्येक उमेदवाराचा एकेक पत्र्याचा डबा होता. हव्या त्या डब्यात गोटी टाकली, की आतली घंटा वाजे आणि मत पडल्याचं बाहेर कळे. सकाळी तपासणीत विरोधकाच्या डब्यातली चिरलेली घंटा बद्द वाजली.

“दुसरी मागवू?” मदतनिसानं विचारलं.

“वाजतेय ना? मग झालं!” म्हणत केंद्रप्रमुखानं डबा सील केला.

दुपारपर्यंत नुसती टणटण चालली होती. मग शिंपीणबाई आत गेली आणि घंटा बद्द वाजली. ती बाहेर पडताच दारात बसलेले सत्तेतल्या साहेबांचे दोन पैलवान उठून तिच्या मागोमाग गेले. तिसरा कान टवकारून तिथंच बसला.

रांगेत पुढची केंद्रप्रमुखाची बायको होती. तिला द्यायची गोटी त्यानं मुठीतच धरून ठेवली.

“घाबरता कशाला?” ती हळूच म्हणाली. “आत कोण बघतंय?”