कोब्यातल्या चाकोऱ्या

शेवटच्या साध्या दिवशी बाबा मुकुटबनच्या केंद्रावर कापसाची प्रतवारी करून आले. भाव पडलेले, त्यामुळे दिवसभर लोकांच्या शिव्या खाल्लेल्या. जीप गॅरेजमध्ये लावली, भाजी खारट झाली म्हणून कुरकुरले आणि झोपले. सकाळी उठलेच नाहीत.

जीप भंगारात गेली. मी स्वयंपाकघरात बसून प्रुफं तपासायची. फोडणीचे डाग पडलेला गठ्ठा प्रकाशकाने परत पाठवला. पुन्हा तसं झालं तर काम जाणार होतं. म्हणून गॅरेजची खोली करायला घेतली. शटर विकून तिथे विटांची भिंत बांधली, जुन्या दाराचं टेबल केलं, खाली कोबा टाकला.

दुसऱ्या दिवशी ओल्या कोब्यात चाकांच्या दोन चाकोऱ्या होत्या.

"गाडी कोणी घातली, पुंडलिकराव?" मी मिस्त्रींना विचारलं.

"कायले थट्टा करता, ताई? भिंत मीच बांधली ना! गाडी काय खिडकीतून येईन?"

पुन्हा कोबा टाकला. पुन्हा चाकोऱ्या, नव्या भिंतीखालून आत आलेल्या.

"आता तुमचं तुम्ही पाहा," म्हणून मिस्त्री निघून गेले.

तिसऱ्यांदा मीच थापी फिरवली आणि भर दुपारी गॅरेजमध्ये उघडणाऱ्या स्वयंपाकघराच्या दारात खुर्ची टाकून राखणीला बसले.

चारच्या सुमारास भिंतीपाशी कोबा दबला. मग थोडा पुढे. आवाज अजिबात नव्हता. दोन रेषा सावकाश माझ्याकडे आल्या आणि पायांपासून हातभर अंतरावर थांबल्या.

"बाबा," मी म्हणाले, "ही जागा मला तुम्ही होतात तेव्हापासूनच हवी होती."