पेडल तळाला टेकलं की

"गाडीला हे काय म्हणून लागतं?" सरोजानं विचारलं. डिकी उघडी होती आणि आत, स्टेपनीच्या शेजारी, पट्ट्यांनी करकचून बांधलेला निळा सिलिंडर होता.

त्या निळ्या रंगाची ओळख तिला कुणी करून द्यायला नको होती. ऑपरेशन थिएटरात नर्स म्हणून तिनं सगळी नोकरी केली होती. भूल देताना वापरायचा हा गॅस. माणूस हुंगतो, हलका होतो, उगाच हसतो. आणि तिचा मुलगा व्यंकटेश गेले काही महिने उगाच हसत होता. सुट्टीच्या दिवशी काचा वर करून गाडीत बसून राहायचा. एकदा त्याच्या पँटच्या खिशात फुगे निघाले; हा गॅस चोरून हुंगणारे तो फुग्यात भरूनच हुंगतात. ऑफिसात कुणाच्या तरी मुलाचा वाढदिवस आहे म्हणाला. शोळिंगनल्लूरच्या त्या काचेच्या इमारतीत पोरांचे वाढदिवस करतात होय, असं मनात म्हणत तिनं फुगे होते तिथे ठेवून दिले. नवरा गेल्यावर तिचं म्हणावं असं हे एकच माणूस उरलं होतं. त्याच्यावर पाळत ठेवायची तिला लाज वाटे, पण नजर काही हटत नसे.

"इंजिनासाठी आहे, अम्मा," व्यंकटेश म्हणाला. "पेट्रोल जाळायला जास्त प्राणवायू मिळतो. गाडी झेप घेते."

"तुझ्या अप्पांची गाडी तीन लाख किलोमीटर पळालीय. म्हाताऱ्या इंजिनाला असलं देतात का?"

हे विचारल्यावर त्याची कळी खुलली. त्यानं बॉनेट उघडून एकेक दाखवायला सुरुवात केली. इंजिनाच्या चारही सिलिंडरांचा दाब मोजून घेतला होता, सगळीकडे सारखा भरला. प्लग बदलले होते, पेट्रोलचा पंप नवा होता, गॅसचं तोंड मिळेल तेवढं बारीक घेतलं होतं. आणि मुख्य म्हणजे ॲक्सिलरेटरच्या पेडलखाली एक बटण होतं. पेडल पार तळाला टेकलं तरच गॅस सुटायचा आणि समोर तांबडा दिवा लागायचा. अर्धवट दाबलेलं असताना गॅस गेला, तर जुन्या इंजिनाचा निकाल लागला असता. थापा मारणाऱ्याला एवढा तपशील सुचत नाही, असं सरोजाला वाटलं. मग वाटलं, त्यालाच तर सुचतो.

"दाखव," ती म्हणाली.

"आत्ता?"

"आत्ताच. मी पण येते."

इरुंगाट्टुकोट्टैच्या अलीकडे एक ले-आउट पडून होता. प्लॉटचे दगड रोवलेले, रस्ते झालेले, घर मात्र एकही नाही. तिथवर जाताना ती त्याला निरखत होती. व्यंकटेशनं चपला काढून ठेवल्या होत्या, अनवाणीच चालवत होता. आणि सारखा खाली बघत होता. सिग्नलला खाली, वळणाला खाली. आईच्या नजरेला नजर द्यायची हिंमत नाही, दुसरं काय, असं तिनं ठरवून टाकलं.

ले-आउटच्या सरळ रस्त्यावर त्यानं गॅसचा खटका वर केला. "धरून बस," म्हणाला. पुन्हा खाली बघितलं आणि पेडल दाबलं.

दिवा लागला. गाडीनं अशी उसळी घेतली की सरोजाची पाठ सीटला चिकटली. रस्ता संपत आला तेव्हा त्यानं पाय काढला, ब्रेक लावला. सरोजा हसत होती. किती तरी दिवसांनी तिला खरं हसू आलं होतं, आणि त्या हसण्याबरोबर इतक्या दिवसांचं मनातलं विष उतरून गेलं. गॅस इंजिनासाठीच होता. पोरगा खोटं बोलला नव्हता.

"चुकले मी, कन्ना, माझ्या बाळा," ती म्हणाली. "काय काय भलतं मनात आणलं."

व्यंकटेशनं गाडी वळवून घेतली. "आणखी एकदा?" या वेळी तो खाली बघत नव्हता. आईच्या हसऱ्या तोंडाकडे बघत होता. गाडीनं थोडा वेग घेतला, वाटेतल्या खड्ड्यापाशी त्यानं ब्रेक लावला, आणि खड्डा ओलांडल्यावर म्हणाला, "आता बघ."

दिवा लागला नाही. गाडी हळू होऊ लागली.

"पार तळाला टेकवलंय," तो म्हणाला. त्याचा चेहरा उतरला. "इंजिन गेलं वाटतं, अम्मा. जुन्याला झेपलं नाही."

पण त्या इंजिनाचा आवाज सरोजाच्या कानाला ओळखीचा होता. त्याला काही झालं नव्हतं. ते संथ घरघरत होतं, सिग्नलला थांबल्यावर घरघरतं तसं. तिनं खाली बघितलं. व्यंकटेशचं उजवं पाऊल पेडलच्या बाजूला, नुसत्या मॅटवर होतं. शिरा ताठ झाल्या होत्या. सगळा जोर लावून तो मॅट दाबत होता.

गाडी थांबली. सरोजा वाकली आणि तिनं त्याच्या अंगठ्यात नख रुतवलं. खोल, रक्त येईल इतकं. तो पाय मागे घेईना. तो अजून त्या न लागलेल्या दिव्याकडेच बघत होता. थिएटरातला एक तरुण डॉक्टर चोरून हा गॅस हुंगायचा, त्याचीही आधी पावलंच बधिर झाली होती.

"वायर सुटली असेल," व्यंकटेश म्हणाला. "नाही तर इंजिनच."

"इंजिन बरं आहे, कन्ना," सरोजा म्हणाली. "तुझे पाय तुला कधीपासून कळत नाहीत?"