नवऱ्याचं नाव

"नवऱ्याचं नाव?" सरकारी दवाखान्यातल्या ताईंनी विचारलं. पाच महिन्यांची गरोदर अंबिका लाजून सासूकडे बघायला लागली.

"आमच्यात बायका नाव घेत नाहीत," सासू कौतुकाने म्हणाली. "हणमंत लिहा."

रक्ताची तपासणी झाली, आणि ताईंनी सासूला बाहेर पाठवलं. अंबिकाजवळ खुर्ची ओढली. "सिफिलिस निघालाय. शरीरसंबंधातून लागतो. इंजेक्शनने बरा होतो, बाळही वाचेल. पण नवऱ्यानेही घ्यायला हवं, नाहीतर तुला पुन्हा होईल."

अंबिकाने पोटावर हात ठेवला. नवऱ्याखेरीज तिला कुणी शिवलं नव्हतं.

"त्यांना मी बोलावू?"

"नको. मीच बोलावते."

तिने दार उघडलं. बाकावर सासूशेजारी नवरा मोबाइल बघत बसला होता.

"हणमंत," सगळ्या रांगेला ऐकू जाईल असं ती म्हणाली, "आत ये."