तूरडाळ, ट्रॅक नंबर एक

बाबांचा आयरिश अल्बम २००३ मध्ये निघाला. असं काही झालेलंच नाही, हे आईचं अधिकृत मत.

बर्मिंगहॅममध्ये आमची आणि शेजारच्या आयरिश फिन्टनची भिंत एकच होती. पलीकडे त्याचा लोकसंगीताचा ग्रुप पहिला अल्बम रेकॉर्ड करायचा. इकडे आई कुकर लावून वर इस्त्रीला जायची आणि तिला ऐकू जावं म्हणून बाबा खालून शिट्ट्या मोजायचे. "एक! दोन! तीन! बंद केला गं!" मग भिंतीपलीकडे फिडल, म्हणजे त्यांचं व्हायोलिन, सुरू व्हायचं.

एकदा फिन्टन दारात आला. "डॉक्टर, तुमचं तीन झाल्याशिवाय आता आम्हाला सुरूच करता येत नाही. मोजणी अल्बमवर ठेवू का?"

"अरे, ते संगीत नाही, तूरडाळ आहे."

"ठेवू का पण?"

"ठेव," बाबा लाजून म्हणाले.

"अहो, मराठी मंडळात कळलं तर?" आई वरून ओरडली.

बाबांना जाऊन दोन वर्षं झाली. घरच्या सगळ्या व्हिडिओंत ते कॅमेऱ्यामागे, गप्प. त्यांचा आवाज उरलाय तो त्या सीडीवरच. आई रोज पहिला ट्रॅक लावते, "बंद केला गं" ऐकते आणि फिडल यायच्या आत मागे नेते.

काल मी रेकॉर्ड कंपनीला पत्र टाकलं: 'महोदय, सदर अल्बमच्या पुढील आवृत्तीत डाळ कच्ची आहे असे समजून किमान दहा शिट्ट्या होऊ द्याव्यात, ही नम्र विनंती.'