हरवलेलं गाळणं

इंदूवहिनींनी पुढे केलेला पाण्याचा तांब्या ढवळ्यांनी न बघताच बाजूला सारला. आज शेवटचा हप्ता, तरी पाणीच!

पतपेढीच्या वसुलीसाठी ते तीन वर्षं दर पाच तारखेला या घरी येत होते. नवऱ्याचं झेरॉक्सचं दुकान बुडालं, तेव्हा वहिनींनी मेसच्या पोळ्या लाटायला घेतल्या आणि एकही हप्ता चुकवला नाही. पण चहाचं कधी नाव काढलं नाही. हप्ते थकवणारी घरंसुद्धा आल्याचा चहा पाजत. बाई व्यवहाराला चोख, पण माणूसघाणी, असं ढवळ्यांनी केव्हाच ठरवून टाकलं होतं.

पावतीवर 'बाकी निरंक' लिहून त्यांनी शिक्का मारला आणि ते उठले.

"बसा भाऊजी, चहा टाकलाय," वहिनी म्हणाल्या आणि आत गेल्या. आत डबे वाजले, फळ्या धुंडाळल्या गेल्या.

"अगं, गाळणं कुठे ठेवलंस?" नवऱ्याचा आवाज आला.

"आता कसं आठवेल? कर्ज फिटेपर्यंत घरात चहा बंद म्हटल्यावर मीच कुठेतरी टाकलं. तीन वर्षांत लागलंय कशाला?"

ढवळे पुन्हा खाली बसले. वहिनींनी फडक्यातून गाळलेला चहा आणला. पहिल्या घोटाला नवऱ्याचे डोळे आपसूक मिटले. ढवळ्यांनी कप दोन्ही हातांनी धरला आणि तळाशी थेंब उरू दिला नाही.

पुढच्या गल्लीत चार हप्ते थकवलेल्या गृहस्थांनी त्यांना पाहताच आत हाक मारली, "अगं, साहेबांना चहा टाक!"

"चहा झालाय माझा," ढवळे म्हणाले. "हप्ता आणा."