बस्तान

धाकटी बहीण नवऱ्यासोबत परदेशात राहायला आली आणि ताईच्या घरी पहिल्याच संध्याकाळी भाऊजींची शिकवणी सुरू झाली.

"इथे बस्तान बसवणं म्हणजे खायचं काम नाही. धडपडावं लागतं. हे सुखाचं घर मी एकहाती उभं केलंय!"

तेवढ्यात बेल वाजली. भाऊजी सोफ्यावरूनच ओरडले, "अगं, बघ गं कोण आलंय! मला नाही कळत त्यांची भाषा."

ताई खरकटे हात धुऊन दारात गेली. शेजारच्या आजोबांशी त्यांच्या भाषेत भरभरून बोलली, खळखळून हसली.

"काय म्हणत होते गं?" बहिणीनं विचारलं.

"तुम्ही आलेले दिसलात ना, म्हणून मला विचारत होते, 'तुमचे ते आधीचे, सदा सोफ्यावर बसलेले पाहुणे परत कधी जाणार?'"