आपत्तीचा प्रकार निवडा

दुपारी सव्वातीनला मानपाड्यात वास सुटला. वास इथे रोजचाच. आठवड्याच्या वाराप्रमाणे बदलतो, असं लोक पाहुण्यांना कौतुकाने सांगतात. पण आज डोळे चुरचुरले, घशात काटे उभे राहिले आणि कारखान्यांच्या बाजूने पिवळट धूर बिल्डिंगकडे सरकताना दिसला.

सोसायटीचे सेक्रेटरी परशुराम भोईर डगमगले नाहीत. आपत्तीचं अ‍ॅप सगळ्या बिऱ्हाडांच्या मोबाइलमध्ये त्यांनीच हट्टाने टाकून घेतलं होतं. आता ते स्वतः उघडायची ही पहिलीच वेळ.

‘आपत्तीचा प्रकार निवडा.’ पूर, आग, भूकंप, दरड, त्सुनामी. वासाला काही नव्हतं. अगदी तळाशी ‘गॅस’ सापडला. परशुरामांना इतकं हायसं वाटलं, की निम्मी आपत्ती तिथेच टळली.

‘घाबरू नका,’ अ‍ॅप म्हणालं. ‘रेग्युलेटर बंद करा. सर्व खिडक्या उघडा. हवा खेळती ठेवा. शेजाऱ्यांना याच सूचना कळवू?’

परशुरामांनी ‘हो’ दाबलं. अठ्ठावीस घरांत एकदम टिंग वाजलं. मग त्यांनी स्वयंपाकघरात जाऊन रेग्युलेटर बंद केला आणि खिडकीच्या कडीला हात घातला.

सखुबाईंनी नवऱ्याचं मनगट धरलं. दुसऱ्या हाताने त्या ओली चादर खिडकीच्या फटीत कोंबत होत्या.

“अवं, वास भायेरशी येतंय! खिरकी कनाला उघरताव?”

“अगं, अ‍ॅप सांगतंय. गॅस म्हणजे...”

“त्याचा गॅस चुलीवरचा! आपला कंपनीचा!”

परशुरामांचा हात कडीवरच राहिला. डोक्यावर, वरच्या घरात, खुर्ची सरकली. तिथे सुमती एकटी होती, आणि तिचं सव्वा महिन्याचं बाळ.

त्यांनी घाईघाईने ‘संदेश मागे घ्या’ दाबलं. अ‍ॅपने शांतपणे विचारलं, ‘कारण निवडा: सराव होता. गंमत केली. आपत्ती संपली.’

सुमतीचा फोन लागेना. सगळी बिल्डिंग फोनवर असावी. वरून कड्या निघू लागल्या. खट्. खट्. एकेक, शिस्तीत.

नाकावर ओला पंचा दाबून परशुराम जिना चढले. निम्म्यावर खोकल्याने त्यांना कठड्यावर वाकवलं. पुढची पायरी दिसेना. छातीत होता नव्हता तेवढा श्वास गोळा करून ते ओरडले. त्यातल्या ‘खिडक्या’ खोकल्यात गेल्या. वर पोचलं ते एवढंच:

“लाव! सुमती, लाव!”

दाराआडून तिचा आवाज आला, गुणी मुलीसारखा.

“लावला, काका! पाचावर लावलाय पंखा!”